दोन तक्रारी, एक कारण: जुन्या एमएक्स-५ चं सस्पेन्शन ट्रॅक डेसाठी तयार करताना

गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. इंजिन १.६ लिटर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मालक शर्यतीत उतरत नाही. वर्षातून काही ट्रॅक डे (शर्यत नसताना स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवायचे दिवस) करतो आणि संध्याकाळी तीच गाडी चालवत घरी येतो. तक्रार दुहेरी आहे. जोरात ब्रेक मारून हळू वळणात शिरताना स्टेअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जातं. लांब, वेगवान वळणात मात्र सगळं नीट चाललंय असं वाटत असतानाच मागची बाजू एकदम सुटते. आधी कसलीही सूचना मिळत नाही. पहिल्या दोषासाठी त्याने मागे १६ मिमीचा जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) घातला. दुसऱ्यासाठी तयार मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग बसवून गाडी ४० मिमी खाली आणली. त्यानंतर दोन्ही दोष वाढले.

या वयाच्या एमएक्स-५ ज्या अवस्थेत ट्रॅकवर येतात, तशी एक नमुन्याची गाडी धरून हे प्रकरण मांडलं आहे. वजनं, उंची आणि मोजमापं हिशेबासाठी धरलेली आहेत. प्रत्येकाने ती आपल्या गाडीवर पुन्हा मोजावीत.

मूळ गाडीत काय चांगलं, काय कमी

१९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा दाखवलेली ही गाडी मुळातच ट्रॅकला मानवणारी आहे. चारही चाकांना डबल विशबोन (वर आणि खाली अशा दोन भुजा), वजन हजार किलोच्या आसपास, पुढे-मागे वजनाची वाटणी जवळपास समान. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असल्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर डिफरन्शिअल पिळत नाही. खालच्या विशबोनचे आतले बोल्ट एक्सेंट्रिक आहेत, म्हणजे फिरवले की विशबोन आत-बाहेर सरकतो, त्यामुळे पुढे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), मागे कॅम्बर आणि टो (चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं), सगळं कारखान्यातल्याच भागांनी बदलता येतं. या वयाच्या फार थोड्या गाड्यांत ही सोय सापडते.

कमी आहे ती सस्पेन्शनच्या ट्रॅव्हलची, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला मिळणाऱ्या जागेची. मूळ उंचीवरसुद्धा शॉक (शॉक अब्सॉर्बर) बंप स्टॉपपासून, म्हणजे तो पुरता दबण्याआधी अडवणाऱ्या मऊ ठोकळ्यापासून, फार लांब नसतो. माझदाने बंप स्टॉपचा उपयोग मऊ, पूरक स्प्रिंगसारखा केला आहे आणि रस्त्यावर ते चालून जातं. गाडी ४० मिमी खाली आणली की ती जवळजवळ कायमच त्यावर बसते. या प्रकरणाची गाठ इथे आहे.

हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होतं. चालक, हेल्मेट आणि अर्धी टाकी पेट्रोल धरून गाडी १०६० किलो. व्हीलबेस २२६५ मिमी, गुरुत्वमध्याची उंची अंदाजे ४६० मिमी. ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) इतक्या जोराने ब्रेक मारला तर १०६० × ०.९ × ४६० ÷ २२६५, म्हणजे सुमारे १९४ किलो भार मागून पुढे सरकतो. प्रत्येक पुढच्या चाकावर ९७ किलो, म्हणजे साधारण ९५० न्यूटन जास्त. पुढची मूळ स्प्रिंग सुमारे २८ न्यूटन प्रति मिमी आहे, पण ती विशबोनच्या मधोमध कुठेतरी बसते, चाकावर नाही. मोशन रेशो (चाकाच्या हालचालीच्या किती पट स्प्रिंग दबते ते प्रमाण) ०.७ धरला तर चाकापाशी तिची ताकद २८ × ०.७ × ०.७, म्हणजे जेमतेम १३.७ न्यूटन प्रति मिमी उरते. ९५० ला १३.७ ने भागलं की ६९ मिमी. नुसत्या ब्रेकने पुढचं चाक एवढं वर यायला बघतं.

लोअरिंग स्प्रिंग थोडी कडक असते. ३६ न्यूटन प्रति मिमी धरली तर चाकापाशी १७.६ होते आणि चाक ५४ मिमी वर यायला बघतं. म्हणजे गरज १५ मिमीने घटली आणि उपलब्ध ट्रॅव्हल ४० मिमीने घटला. हा व्यवहार तोट्याचाच आहे, आणि कोणत्याही कंपनीची लोअरिंग स्प्रिंग घेतली तरी तो तोट्याचाच राहतो.

बंप स्टॉप दाबला गेला की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पट वाढतो. ज्या टोकाला हे घडतं त्या टोकाच्या बाहेरच्या टायरवर अचानक जास्त भार येतो आणि तिथली पकड कमी होते. ब्रेक मारून हळू वळणात शिरताना आधी पुढची बाजू टेकते, म्हणून नाक सरळ जातं. लांब वेगवान वळणात गाडी बाहेरच्या बाजूला झुकून राहते. रस्त्यात थोडी जरी लवण आली किंवा कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चाक गेलं, की मागचा बाहेरचा शॉक टेकतो आणि शेपूट सुटते. दोन्ही तक्रारींचं कारण एकच आहे. मागच्या जाड बारने त्यात भर घातली. बारचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. मूळ बार १२ मिमीचा, नवा १६ मिमीचा, म्हणजे १६ ÷ १२ चा चौथा घात, सुमारे ३.२ पट.

खात्री कशी करायची

हिशेबावर विसंबून सुटे भाग मागवू नयेत. शॉकच्या उघड्या रॉडवर बारीक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधावी आणि ती शॉकच्या बॉडीला टेकवून ठेवावी. ट्रॅकवर एक सेशन करून आलं की ती टाय रॉडवर किती वर सरकली ते मोजायचं. चारही कोपऱ्यांना वेगवेगळ्या रंगाची टाय लावली की नोंदीत गोंधळ होत नाही. टाय बंप स्टॉपच्या आत घुसलेली किंवा त्याने चिरडलेली दिसली तर निदान पक्कं. यासाठी जॅक, टॉर्च आणि पट्टी एवढंच लागतं.

मग गाडी स्टँडवर घेऊन प्रत्येक सांधा हाताने तपासायचा. जॅक लावताना खालच्या लांब पट्ट्यांवर लावू नये, त्या चेपतात. पुढे क्रॉसमेंबर, मागे डिफरन्शिअलचं घर, आणि स्टँड सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या) मजबूत केलेल्या जागी. चाक वर-खाली हलवून प्ले (ढिलेपणा) जाणवला तर बॉलजॉइंट किंवा हबचं (चाक ज्यावर बसतं त्याचं) बेअरिंग, डावीकडे-उजवीकडे हलवून जाणवला तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंग रॅक. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवायचं. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगमध्ये, तसाच राहिला तर सांध्यात. शॉकवर तेलाचा ओघळ, तडकलेले बुश (विशबोनच्या सांध्यांतले रबरी भाग), भुगा झालेले बंप स्टॉप, हे सगळं या वयात अपेक्षितच आहे.

सिलचा मागचा भाग, मागच्या चाकाच्या पुढचा, नीट ठोकून बघावा. छपराच्या पाण्याचे निचरे तुंबले की पाणी तिथे साठतं आणि पत्रा आतून गंजतो. तिथे पत्रा मऊ लागला तर सस्पेन्शनचं काम थांबवून आधी पत्र्याचं काम करायचं. कडक स्प्रिंगचा सगळा ताण शेवटी त्याच पत्र्यावर येतो.

या गाडीत सापडलं ते असं: पुढचे दोन्ही बंप स्टॉप जवळजवळ नाहीसे, मागचे चपटे, मागच्या खालच्या विशबोनचे बुश आपल्या नळीपासून सुटलेले, पुढच्या एका बॉलजॉइंटमध्ये प्ले. आणि मागच्या चाकांना टो-इनऐवजी (तोंड आत) प्रत्येकी साधारण २ मिमी टो-आउट (तोंड बाहेर). वळणात भार आल्यावर बाहेरचं मागचं चाक स्वतःहून बाहेर वळत असेल, तर चालक कितीही चांगला असला तरी ती गाडी विश्वासाने चालवता येत नाही.

आधी जुनं ठीक करणं

या कामातला सगळ्यात किचकट भाग एक्सेंट्रिक बोल्ट. इतकी वर्षं न हललेला बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून चिकटलेला असतो. नट सुटतो, पण बोल्ट फिरत नाही; जोर लावला तर बुशचं रबर पिळतं आणि बोल्ट जागच्या जागी. अलाइनमेंटवाला ‘होत नाही’ म्हणतो त्याचं कारण हेच. आदल्या आठवड्यात रोज गंज सुटवणारं तेल मारून बघावं, पण आशा थोडीच ठेवावी. न सुटल्यास बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत पातळ ब्लेडची करवत घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापणं हाच मार्ग. गॅसच्या टॉर्चने तापवल्यास रबर पेटतं आणि जवळच्या ब्रेक पाइपला धोका होतो, म्हणून बंद जागेत तो प्रयोग नकोच. मागच्या नकलच्या (हब धरणाऱ्या भागाच्या) खालून आरपार जाणारा लांब बोल्टही असाच चिकटतो. नवे बोल्ट, एक्सेंट्रिक वॉशर आणि नट आधीच आणून ठेवावेत, कारण कापायला लागल्यावर मागे फिरता येत नाही. बसवताना बोल्टच्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ ग्रीस लावायचं.

बुश कोणते? घरी चालवत न्यायच्या गाडीला आमच्या मते नवे मूळ रबरी बुश पुरतात. पॉलियुरेथेनचे बुश कडक असतात हे खरं, पण ते नळीभोवती सरकून फिरतात. त्यांना नियमित ग्रीस लागतं. ग्रीस सुकलं की ते अडकत फिरतात, कुरकुरतात, आणि शॉकने करायचं काम घर्षण करू लागतं. वर्षातून एकदा विशबोन उतरवून ग्रीस करायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं.

रबरी बुश बसवताना एक नियम मोडू नये: बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी चाकांवर, अंतिम उंचीवर उभी असताना. रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं आणि पिळूनच काम करतं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली टेकताच रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. उंची चुकीची दिसते आणि बुश लवकरच फाटतो. नवे बुश काही महिन्यांत गेले अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. म्हणून सगळे बोल्ट आधी हलकेच लावायचे, नवे शॉक बसवून उंची ठरवायची, आणि मग खड्ड्यावर किंवा रॅम्पवर गाडी घेऊन टॉर्क रेंचने सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याला आवळायचे.

स्प्रिंग आणि शॉक

लोअरिंग स्प्रिंग काढून टाकल्या. त्यांच्या जागी उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेले संच), ६३.५ मिमी आतल्या व्यासाच्या सरळ स्प्रिंगसह. पुढे ८ किलो प्रति मिमी, मागे ५. न्यूटनमध्ये अनुक्रमे ७८ आणि ४९.

हे आकडे का? पुढे चाकापाशी ७८ × ०.४९, म्हणजे ३८ न्यूटन प्रति मिमी. वर काढलेल्या ब्रेकच्या भाराला आता चाक फक्त २५ मिमी वर येतं. स्प्रिंगवर तोललेलं वजन पुढच्या कोपऱ्याला सुमारे २४० किलो धरलं तर नैसर्गिक कंपन २ हर्ट्झ येतं. मूळ स्प्रिंगवर ते १.२ होतं. मागे मोशन रेशो ०.७९ च्या आसपास, म्हणून ४९ × ०.६२ = ३०, आणि २२५ किलोवर कंपन सुमारे १.८५ हर्ट्झ. रस्त्यावर हे टणक लागतं, पण असह्य नाही. साध्या ट्रॅक-टायरवर यापेक्षा कडक जाण्यात फायदा नाही. स्लिक (नक्षी नसलेले) टायर आणि एअरोडायनॅमिक भार आला तर गोष्ट वेगळी.

इथे एक फसगत नेहमी होते. अनेक तयार किटमध्ये पुढच्या आणि मागच्या स्प्रिंग जवळजवळ सारख्या येतात, उदाहरणार्थ पुढे ७ आणि मागे ६. कागदावर पुढची कडक दिसते. मोशन रेशोचा वर्ग लावला की पुढे ३४ आणि मागे ३७ न्यूटन प्रति मिमी. मागची बाजूच कडक निघाली, आणि वजन पुढे जास्त असताना. अशी गाडी ओल्या ट्रॅकवर फार थकवते. या गाडीला पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा साधारण दीडपट किंवा थोडी जास्त हवी, हे प्रमाण किट घेण्याआधी तपासावं.

ट्रॅव्हल परत मिळवायला दोन गोष्टी केल्या. एक, शॉकची बॉडी मूळपेक्षा आखूड निवडली. दोन, वरचे माउंट दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९९८ नंतरच्या गाडीचे वापरले. त्यांच्या आकारामुळे शॉकला वर जायला जास्त जागा मिळते आणि ते या गाडीत बसतात. नवे बंप स्टॉप सच्छिद्र पॉलियुरेथेनचे, हळूहळू कडक होत जाणारे. बंप स्टॉप काढून टाकणं किंवा अर्धा कापणं हा उपाय नव्हे. तो नसला की शॉकचा पिस्टन तळाशी आपटतो, आणि त्यात शॉकचा आतला व्हॉल्व्ह जातो.

कडक स्प्रिंग कमी दबते हेही लक्षात ठेवायला हवं. गाडी उभी असताना पुढच्या स्प्रिंगवर सुमारे ३३६० न्यूटन येतात, म्हणजे ती फक्त ४३ मिमी दबते. शॉकचा रॉड त्याहून जास्त बाहेर येत असेल तर चाक लटकल्यावर स्प्रिंग सैल होऊन आपल्या बैठकीवरून सरकते. अशा वेळी वर पातळ हेल्पर स्प्रिंग घालतात. तिची ताकद नगण्य असते. तिचं काम फक्त मुख्य स्प्रिंग जागेवर धरणं.

उंची ठरवली ती हबच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत: पुढे ३२५ मिमी, मागे ३३०. याहून खाली नेण्याचा मोह टाळावा. गाडी फार खाली गेली की खालचे विशबोन चाकाकडे चढते होतात, रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, आणि गाडी कमी झुकायच्या ऐवजी जास्त झुकायला बघते. दिसायला रुबाबदार, वळणात वाईट.

अँटी-रोल बार

मागचा १६ मिमीचा बार काढून मूळ १२ मिमीचा परत लावला. पुढचा मूळच ठेवला. बार बदलण्याची घाई नसावी. स्प्रिंग आणि अलाइनमेंट ठरल्यावर उरलेला थोडा तोल बारने साधायचा असतो. बारच्या लिंक चालक बसलेला असताना, गाडी सपाट जमिनीवर उभी ठेवून जोडायच्या. लिंक जोर लावून बसवावी लागली तर बार आधीच पिळलेला आहे असं समजायचं, आणि मग डावीकडे एक गाडी, उजवीकडे दुसरीच.

टायर आणि चाकं

मूळ माप १८५/६०आर१४, ५.५ इंच रुंद रिमवर. त्याऐवजी १९५/५०आर१५, ७ इंच रिम. व्यास पहिल्याचा साधारण ५७८ मिमी, दुसऱ्याचा ५७६, त्यामुळे गिअरिंग आणि स्पीडोमीटर दोन्हींवर परिणाम नाही. पण बाजूची भिंत १३ मिमीने बुटकी झाली आणि रुंद रिमवर ती ताठ राहते. मालकाला स्टेअरिंगमध्ये जो फरक जाणवला त्यातला मोठा वाटा स्प्रिंगचा नसून या रिमचा आहे. बोल्ट सर्कल ४ × १००, मधलं भोक ५४.१ मिमी, बाजारातल्या रिमचं भोक बहुधा मोठं असतं, तेव्हा मध्ये रिंग घालावी, नाहीतर ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही जुना टायर कडक होतो, आणि अशा टायरवर केलेली सगळी सेटिंग नवे टायर आले की निरर्थक ठरते. म्हणून पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर ते टायरला जावेत.

अलाइनमेंट

हे काम घरी दोरीने होतं आणि नीट होतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर हबच्या उंचीला दोरी ताणायची. दोरी चाकाला टेकवायची नाही, कारण मागची चाकं पुढच्यांपेक्षा किंचित बाहेर असतात. दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर आणि गाडीच्या मध्यरेषेपासून समान अंतरावर आणायच्या, मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. त्यातला फरक हाच त्या चाकाचा टो. चाकांखाली ग्रीस लावलेल्या पत्र्याच्या दोन-दोन चकत्या ठेवल्या की सस्पेन्शन मोकळं बसतं. नाहीतर टायर जमिनीला धरून ठेवतो आणि मोजमाप खोटं येतं. चालकाच्या जागी त्याच्या वजनाची पोती.

ठरवलेले आकडे: पुढे कॅम्बर उणे २.७ अंश, कॅस्टर ४.५ ते ५, टो शून्य. मागे कॅम्बर उणे २.२, टो-इन दोन्ही चाकं मिळून २ मिमी. पुढच्या खालच्या विशबोनला दोन एक्सेंट्रिक आहेत. दोन्ही पूर्ण बाहेर नेले की सर्वाधिक उणे कॅम्बर. मागचा बाहेर ठेवून पुढचा आत घेतला की बॉलजॉइंट पुढे सरकतो, कॅस्टर वाढतो आणि कॅम्बर थोडा कमी होतो. दोन्ही मनासारखं मिळत नसेल तर कॅम्बरला झुकतं माप द्यावं. डावा-उजवा कॅस्टर मात्र सारखा असलाच पाहिजे.

क्रम मागून पुढे: मागचा कॅम्बर, मागचा टो, मग पुढचा कॅम्बर-कॅस्टर, शेवटी पुढचा टो. कॅम्बर हलवला की टो हलतोच. आणि नट आवळताना एक्सेंट्रिक फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. वॉशरच्या खुणेवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली की पुढे तो सरकला का ते नुसत्या नजरेने कळतं.

उणे २.७ अंशामुळे टायर आतून झिजेल ही भीती रास्त आहे, पण झीज मुख्यतः टोमुळे होते. पुढचा टो शून्य ठेवला तर रस्त्यावरची झीज सुसह्य राहते.

चार चाकांवरचं वजन

चार वजनकाटे मिळाले तर हे एकदा करावंच. बार सोडून, टायरची हवा नेमकी करून, चालकाच्या वजनासह मोजलं तेव्हा पुढे डावीकडे २५०, उजवीकडे ३०१, मागे डावीकडे २६०, उजवीकडे २४९ किलो. पुढचा उजवा आणि मागचा डावा मिळून ५६१, म्हणजे एकूणच्या ५२.९ टक्के. अशी गाडी एका बाजूच्या वळणाला नीट वळते, दुसऱ्या बाजूला रुसते. पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या स्प्रिंगची बैठक थोडी खाली, उरलेल्या दोघांची तेवढीच वर, असं अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने करत २६५, २८६, २४५, २६४ पर्यंत आणलं: कर्णाची बेरीज ५३१, म्हणजे ५०.१ टक्के. बैठका फिरवून डाव्या-उजव्या किंवा पुढच्या-मागच्या एकूण वजनात फरक पडत नाही, पडतो तो फक्त कर्णांत. उजवी बाजू आधीही ५५० होती, नंतरही ५५०. एकच कोपरा फिरवत बसलं तर उंची बिघडते आणि अलाइनमेंट पुन्हा करावी लागते.

ब्रेक, थोडक्यात

हँडलिंगच्या प्रकरणात ब्रेक येतात ते एवढ्यासाठी की मागच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना या गाडीत हमखास जाम होतात. मग मागचे ब्रेक अर्धवट लागतात आणि सगळा भार पुढच्या टायरवर पडतो. पिना काढून साफ कराव्यात, ब्रेकसाठीचं ग्रीस लावावं. मागच्या कॅलिपरवर झाकणाच्या बोल्टमागे ४ मिमी अ‍ॅलन की लागणारा अ‍ॅडजस्टर आहे: पॅड डिस्कला टेकेपर्यंत फिरवून एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. पुढे-मागे एकाच कंपाउंडचे, जास्त तापमान सोसणारे पॅड. फक्त मागे जास्त पकडणारे पॅड घातले तर ब्रेक मारून वळताना मागचं चाक लॉक होतं, आणि तो दोष सस्पेन्शनच्या माथी मारला जातो. ब्रेक ऑइल नवं हवं: डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर किमान १५५. जुन्या ऑइलचा पेडल गरम ट्रॅकवर तळाला जातो.

उघड्या गाडीला रोल बार हवाच. बारच्या माथ्यापासून विंडस्क्रीनच्या वरच्या कडेपर्यंत सरळ काठी धरली असता हेल्मेट तिच्या खाली राहिलं पाहिजे.

ट्रॅकवर

थंड असताना चारही टायरमध्ये २४ पीएसआय. टायरमधली हवा प्रत्येक १० अंशाला साधारण १.३ पीएसआयने वाढते, म्हणून ४५ अंशांच्या वाढीला ३० पर्यंत जाते. या वजनाच्या गाडीला गरम असताना ३० च्या आसपास बरं असतं. मोजायचं ते पिटमध्ये आल्याबरोबर. पाच मिनिटांनी मोजलेला आकडा कामाचा नाही. दुपारी ट्रॅक तापतो, तेव्हा सकाळी बेताने भरलेली हवा दुपारी जास्त ठरते आणि मालक स्प्रिंगला दोष देतो.

तापमान टोचायच्या सुईच्या पायरोमीटरने, टायरच्या आत, मध्ये आणि बाहेर. लांबून मोजणाऱ्या इन्फ्रारेडने फक्त पृष्ठभाग कळतो, आणि तो पिट लेनमध्येच थंड होतो. आतला कडा बाहेरच्यापेक्षा ५ ते १० अंश गरम असावा. बाहेरचा गरम असेल तर कॅम्बर कमी पडतो, मधला गरम असेल तर हवा जास्त.

शॉकची सेटिंग पूर्ण बंद स्थितीपासून क्लिक मोजत लिहून ठेवावी. सुरुवात मधल्या सेटिंगवर. कर्बनंतर गाडी डोलत राहिली तर रिबाउंड (शॉक परत उलगडताना होणारा विरोध) दोन क्लिक वाढवायचं. खडबडीत जागी गाडी हळूहळू खाली बसत गेली तर रिबाउंड जास्त झालं. चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही आणि तुम्ही पुन्हा बंप स्टॉपवर येता, या वेळी स्वतःच्या हाताने. एका सेशनमध्ये एकच बदल. केबल टाय दर वेळी परत खाली सरकवून ठेवायची.

या सेटिंगवर टाय पुढे आणि मागे बंप स्टॉपच्या अलीकडेच राहिली. फक्त उंच कर्बवर ती टेकली, आणि ते चालतं. ब्रेक मारून शिरताना नाक वळू लागलं. वेगवान वळणात मागची बाजू अजूनही सरकते, पण हळू आणि आधी कळवून, म्हणजे स्टेअरिंग परत सरळ करायला वेळ मिळतो. वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडला तर ती अजूनही फिरेल. वजन पुढे जाणं कोणत्याही स्प्रिंगने थांबत नाही.

पहिल्या सेशननंतर चाकांचे नट ११० न्यूटन-मीटरला पुन्हा तपासायचे, कॉइलओव्हरच्या लॉक रिंग हाताने हलवून बघायच्या, पांढऱ्या रेघा जागेवर आहेत का पाहायच्या. चिकट टायरवर पुढच्या हबची बेअरिंग लवकर जातात, म्हणून गाडी उचलली की चाक हलवून बघायची सवय ठेवावी.

एक गोष्ट सुटली नाही. हळू वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक जागच्या जागी फिरतं, कारण या गाडीत साधं, उघडं डिफरन्शिअल आहे. तात्पुरता उपाय म्हणून मागच्या बारची एक लिंक सोडली, म्हणजे आतलं चाक जमिनीवर जास्त दाबून राहतं. फिरणं कमी झालं, बंद झालं नाही. खरा उपाय १.८ लिटर गाडीचं ७ इंची टॉर्सन डिफरन्शिअल (पकड असलेल्या चाकाकडे जास्त ताकद वळवणारं), पण त्यासोबत त्याच गाडीचे हाफ शाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्टही लागतात, कारण जोड वेगळे आहेत. लिंक सुटलेली ठेवूनच गाडी परत दिली आहे. तिचा बोल्ट आणि नट डिकीत पिशवीत आहेत.